कॉन्टेसा पुन्हा दारात: वाचकांचे प्रश्न

जुन्या गाड्यांबद्दल प्रश्न पाठवा असं मागच्या अंकात लिहिलं होतं. सातारा-सांगली भागातून आलेल्या बहुतेक पत्रांचा सूर एकच निघाला: तरुणपणी घरात कॉन्टेसा होती, विकली, आता मुलं मार्गी लागली, पुन्हा तीच हवी. म्हणून या वेळी सगळा विभाग एकाच गाडीला दिला आहे. बुलेट आणि राजदूतवाल्यांनी पुढच्या अंकाची वाट पाहावी.

प्रश्न: कॉलेजात असताना वडिलांची कॉन्टेसा चालवायचो. आता निवृत्तीनंतर पुन्हा घ्यायची आहे. १.५ लिटर पेट्रोल, १.८ लिटर पेट्रोल की डिझेल? इंजिन चांगलं असलेली गाडी बघू की दिसायला चांगली? (एक वाचक, सातारा)

हिंदुस्थान मोटर्सनं ही गाडी १९८४ ते २००२ या काळात बंगालमधल्या उत्तरपाऱ्याला बनवली. बॉडी इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल व्हिक्टरची. सुरुवातीच्या गाड्यांत अँबॅसिडरचंच १४८९ सीसीचं, बीएमसी या ब्रिटिश कंपनीचं इंजिन होतं, ताकद जेमतेम ५० अश्वशक्तीच्या आसपास. एवढ्या जड बॉडीला ते पुरत नसे. पुढे जपानच्या इसुझुचं १८१७ सीसीचं पेट्रोल इंजिन आणि पाच गिअर आले तेव्हा गाडी खरी चालायला लागली. नंतर इसुझुचंच दोन लिटरचं डिझेलही मिळू लागलं.

आमचं मत स्पष्ट आहे: १.८ पेट्रोल घ्या. इंजिनाचं हेच घराणं पुढे अँबॅसिडर १८०० आयएसझेडमध्ये बसलं आणि अँबॅसिडर २०१४ पर्यंत बनत होती. त्यामुळे इंजिन आणि गिअरबॉक्सचा माल अजून शोधला की सापडतो. १.५ चं इंजिन त्याहून सोपं, कोणताही जुना मिस्त्री डोळे मिटून उघडेल, पण चार माणसं बसवून यवतेश्वर चढताना तुमचा हिरमोड होईल. डिझेल रोज वापरायचं असेल तरच. हौसेच्या गाडीत तो आवाज आणि थरथर कशाला?

आता दुसरा भाग, जो जास्त महत्त्वाचा. इंजिन बघून गाडी घेऊ नका, पत्रा बघून घ्या. इंजिन कितीही मेलेलं असलं तरी कोल्हापूरच्या उद्यमनगरात बोअरिंग, होनिंग, क्रँक ग्राइंडिंग सगळं होतं. सिलिंडरला स्लीव्ह मारता येतं, क्रँक घासल्यावर बेअरिंग दहा-वीस साइजचं, म्हणजे तेवढं जाड, टाकता येतं. पण पुढची काच, मागचे दिवे, ग्रिल, बंपरच्या पट्ट्या, दारांची हँडलं, डॅशबोर्ड आणि काचांची रबर बीडिंग हे कुणी बनवून देत नाही. सपाट काच कुठेही कापून मिळते, वळणाची मिळत नाही. म्हणून इंजिन बंद पण सगळ्या वस्तू जागेवर असलेली गाडी ही चालू पण लुटलेल्या गाडीपेक्षा केव्हाही स्वस्त पडते. जे गहाळ आहे त्याची यादी करा आणि एकेका वस्तूचा भाव कोलकात्याच्या मल्लिक बाजारातून, दिल्लीच्या कश्मिरी गेटमधून किंवा मुंबईच्या कुर्ल्यातून फोनवर आधी काढा. यादीचा आकडा गाडीच्या किमतीत मिळवा, मग सौदा करा.

एक गोष्ट मनाशी ठरवून घ्या. हिला लोक 'देशी मसल कार' म्हणतात ते लांब नाकामुळे आणि चार गोल दिव्यांमुळे. अमेरिकेत ज्या गाडीपासून तो प्रकार रूढ झाला असं मानतात, त्या १९६४ च्या पॉन्टियाक जीटीओत ६.४ लिटरचं आठ सिलिंडरचं इंजिन होतं. इथे चार सिलिंडर आणि १.८ लिटर. आजची टर्बोवाली छोटी हॅचबॅक हिला सिग्नलवर मागे टाकेल. हिची मजा मागच्या चाकांना मिळणाऱ्या ताकदीत, सोफ्यासारख्या सीटमध्ये आणि हायवेवर एका लयीत जाण्यात आहे. खांदे-मनगटं दुखत असतील तर पॉवर स्टिअरिंगची नंतरची गाडी शोधा. पार्किंग करताना फरक पडतो.

प्रश्न: गाडी बघायला जाताना बरोबर काय न्यावं आणि नेमकं कुठे बघावं? सांगलीतली एक गाडी फार स्वस्त सांगत आहेत. (एक वाचक, कराड)

फ्रिजवरचं चपटं चुंबक, मऊ कापड, टॉर्च, जाड स्क्रू-ड्रायव्हर, जॅक आणि जुने कपडे. गाडीखाली झोपायची तयारी नसेल तर जाऊच नका.

कॉन्टेसाला वेगळी चासी नाही. बॉडी हीच चासी आहे. त्यामुळे दाराखालची पेटी, म्हणजे सिल, सडली तर तो दिसण्याचा प्रश्न राहत नाही, गाडीचा कणाच जातो. चुंबकाला कापड गुंडाळून सिल, चाकांच्या कमानी, दारांच्या खालच्या कडा, डिकीचा तळ आणि बॅटरीखालचा ट्रे या सगळ्यांवरून फिरवा. जिथे चुंबक धरत नाही तिथे पत्र्याऐवजी लांबी (खड्डे भरायची पुट्टी) आहे. पेंटची जाडी मोजायचं यंत्र मिळालं तर उत्तमच: कंपनीचा मूळ रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो, पुन्हा रंगवलेला २०० ते ३००, आणि आकडा हजाराकडे गेला की आत लांबीचा थर आहे असं समजा.

मग जॅकची परीक्षा. पुढच्या चाकामागे सिलवर जॅकची जागा असते तिथे जॅक लावून चाक जमिनीवरून सुटेपर्यंत उचला. आता पुढचं दार उघडा-मिटा. दार घासलं, कुलपाची जीभ जागेवर बसेना, तर बॉडी मधून वाकते आहे. जॅकच पत्र्यात घुसला तर पुढे काही बघायची गरज नाही. चहा पिऊन परत या.

कार्पेट उचलायला मालक नको म्हणत असेल तर ते उत्तरच आहे. पुढची काच ज्या खाचेत बसते तिथे पाणी मुरून डॅशबोर्डखालून गळतं आणि पायाखालचा पत्रा खातं. पायाशी ओल असेल तर रोग वर आहे. नुसता खालचा पत्रा बदलून उपयोग नाही, काच काढून खाच करावी लागते आणि ती काढताना काच फुटली तर वर लिहिलेलं आठवा.

आता सांगलीच्या स्वस्त गाडीबद्दल. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरात कृष्णेचं पाणी शहरात शिरलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पातळी ५७ फुटांवर गेली होती. त्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या पुसून-रंगवून बाजारात येतात. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा. शेवटच्या हातभर पट्ट्यावर गाळाची रेघ राहते, ती कुणी धुवत नाही. सीटच्या सरकपट्ट्या आणि सीटखालच्या स्प्रिंगा गंजल्या आहेत का बघा. स्टेपनीच्या खड्ड्यात, दिव्यांच्या आत, डॅशबोर्डच्या मागच्या कप्प्यात बारीक पिवळसर माती शोधा. मागच्या डिफरन्शियलचा प्लग थोडा सैल करून दोन थेंब ऑइल बोटावर घ्या. ते दुधाळ असेल तर पाणी गेलेलं आहे. पुराची गाडी घेऊच नये असं नाही. पण मग ती पूर्ण वायरिंग, सगळी बेअरिंग आणि आतलं सगळं कापड बदलायच्या हिशेबानं घ्यायची, आणि किंमत त्या हिशेबानं पाडायची.

गंजलेला तुकडा बदलताना डेंटरला दोन गोष्टी बजावा. ०.९ मिमीचा सीआरसी (थंड लाटलेला) पत्रा घ्या आणि सीओटू वेल्डिंगनं थोडं-थोडं टाचत जा. गॅसनं वेल्ड केलं तर मोठा पत्रा तापून लाटा येतात आणि त्या झाकायला पुन्हा लांबी भरली जाते. वेल्डवर इपॉक्सी प्रायमर, जोडावर सीलर, आणि पेटीच्या आत पोकळीत मेण किंवा अंडरबॉडीचं तेल फवारून घ्या. खाली पाणी निघायची भोकं मोकळी ठेवा. पेंटर ती हमखास बुजवतात.

प्रश्न: मामांच्या वाड्यात १.८ ची गाडी बारा-तेरा वर्षं उभी आहे. बॅटरी जोडून सेल्फ मारला तर चालू होईल का? (एक वाचक, मिरज)

सेल्फ मारू नका. चालू होईलही, आणि तिथेच इंजिनाचं नुकसान होईल. सिलिंडरच्या भिंतींवर तेल उरलेलं नाही, रिंगा चिकटल्या असतील, टाकीतलं पेट्रोल डिंक झालेलं आहे.

पहिल्या दिवशी जुनं इंजिन ऑइल काढून नवीन भरा, फिल्टर बदला. काढलेलं ऑइल दुधाळ आहे का ते बघून घ्या. चारही प्लग काढा. प्रत्येक भोकात साधारण १० मिली पातळ ऑइल सोडा आणि रात्रभर राहू द्या. दुसऱ्या दिवशी गाडी न्यूट्रल करून क्रँक पुलीचा नट पान्यानं हातानं फिरवा. हलत नसेल तर पान्यावर पाइप घालून जोर लावू नका. पुन्हा तेल सोडा, एखाद-दोन दिवस थांबा, आलटून-पालटून दोन्ही बाजूंना थोडं-थोडं हलवा. मोकळं फिरायला लागलं की कॉइलची वायर काढून, प्लग न लावता, नवीन बॅटरीवर सेल्फ दहा-दहा सेकंद मारा, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. पंपानं तेल वर पोचवलं याची ती खूण. भोकातून उरलेलं तेल उडेल, तेव्हा वर चिंधी टाका आणि डोळे लांब ठेवा.

मग कंप्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजा. आकड्यापेक्षा चार सिलिंडरमधला फरक बघायचा. सगळ्यांत जास्त आणि सगळ्यांत कमी यांत १० ते १५ टक्क्यांपर्यंत फरक चालतो. एखादा सिलिंडर कमी असेल तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. वाढला तर रिंगा, वाढला नाही तर व्हॉल्व्ह. पण गाडी तासभर चालल्यावर हेच आकडे सुधारतात, म्हणून पहिल्याच मापावर इंजिन उघडायला देऊ नका. मिस्त्रीला घाई असते.

टाकी खाली उतरवा. आत गंज असेल तर मूठभर छोटे नट-बोल्ट आणि डिझेल घालून हलवून धुवा, नंतर स्वच्छ पेट्रोलनं. टाकी होईपर्यंत एक लिटरच्या डब्यातून पाइप देऊन इंजिन चालवता येतं. कार्बोरेटर पूर्ण खोलून, जेट (पेट्रोल सोडणारी बारीक भोकं) तारेनं न टोचता हवेनं साफ करा. तार घातली की भोक मोठं होतं. पहिल्यांदा चालू झाल्यावर धूर येईल. ते तुम्ही सोडलेलं तेल जळतं आहे, घाबरू नका. पंधरा-वीस मिनिटांनीही निळाच राहिला तर मात्र व्हॉल्व्ह सील बघावी लागतील.

क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटलेली असू शकते. पेडल दाबूनही गिअर पडत नाही ही खूण. पेडल दाबून सीटपर्यंत लाकडी दांडका टेकवा आणि रात्रभर ठेवा. बऱ्याचदा तेवढ्यानं सुटते.

इंजिन चालू झालं की सगळे आनंदानं गाडी रस्त्यावर काढतात, तिथेच घात होतो. गाडी चालण्याआधी थांबली पाहिजे. मास्टर सिलिंडर, मागचे व्हील सिलिंडर, पुढचे कॅलिपर यांची रबर किट आणि चाकांजवळचे लवचीक होज पाइप, सगळं नवीन टाका. होज बाहेरून चांगले दिसतात आणि आतून फुगलेले असतात. पेडल सोडलं तरी चाक पकडून ठेवतात. रबरांना साधं ग्रीस लावू नका, ते फुगतात. ब्रेकचंच रबर ग्रीस किंवा ब्रेक ऑइल लावा. डॉट ४ ब्रेक ऑइल भरा. ताज्या डॉट ३ चा उकळबिंदू २०५ अंश, पाणी शोषल्यावर १४०. डॉट ४ चा २३० आणि १५५. पसरणी घाट उतरताना तो फरक कळतो: ऑइल उकळलं की वाफ होते आणि पेडल थेट तळाला जातं. ब्रेकच्या पाइपातली हवा (एअर) काढताना मास्टर सिलिंडरपासून लांबचं चाक आधी: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. शेवटी सर्व्हो, म्हणजे ब्रेक दाबायला मदत करणारा डबा, तपासा. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पेडल किंचित खाली गेलं तर सर्व्हो ठीक.

टायर बघताना नक्षी बघू नका, बाजूवरचे शेवटचे चार अंक बघा. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. तुमच्या गाडीचे टायर तर बदलायचेच.

प्रश्न: आता पंपावर इथेनॉलवालं पेट्रोलच मिळतं. जुन्या गाडीला चालतं का? मिस्त्री म्हणतो काही होत नाही. (एक वाचक, सांगली)

मिस्त्री अर्धं बरोबर सांगतो आहे: चालू होते, पळते, लगेच काही होत नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या कारखान्यांच्या डिस्टिलरीत उसापासून बनलेलं हे इथेनॉल आहे, त्याला नावं ठेवून इथे कुणाला परवडणार! पण तुमच्या गाडीचं रबर ते यायच्या आधीचं आहे. जुने पेट्रोल पाइप, पंपाचा पडदा, कार्बोरेटरच्या गॅसकेटी हे सगळं २० टक्के इथेनॉलनं फुगतं, मऊ पडतं आणि चुरा होऊन जेटमध्ये अडकतं. गरम इंजिनावर पाइप पाझरला तर आगीची भीती, म्हणून हे काम आधी करा. पाइप मागताना 'एसएई जे३० आर९' असं छापलेलाच मागा. नुसतं 'पेट्रोल पाइप द्या' म्हटलं तर दुकानदार ढिगातला देईल. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत जिथे जिथे रबराचा तुकडा आहे तिथे सगळीकडे तोच, क्लॅम्पसकट.

दुसरी गोष्ट मिश्रणाची. शुद्ध पेट्रोलला एका भागास १४.७ भाग हवा लागते, ई२० ला (२० टक्के इथेनॉलवाल्याला) साधारण १३.५. म्हणजे तुमचा जुना जेट आता सुमारे ८ टक्के कमी इंधन देतो आहे. गाडी थंडीत अडखळते, ॲक्सिलरेटर दाबल्यावर गचका खाते, चढावर तापते. जेटच्या भोकाचं क्षेत्रफळ ८ टक्के वाढवायचं तर व्यास ४ टक्के वाढवावा लागतो: ११० चा मेन जेट असेल तर ११४ किंवा ११५. ड्रिलनं भोक वाढवू नका, जेट विकत घ्या. १.५ ला एसयू कार्बोरेटर असेल तर खालचा जेट नट एका वेळी त्याच्या एका बाजूइतका फिरवून जेट खाली उतरवा. कार्बोरेटरचा पिस्टन मिलिमीटरभर उचलून बघा. इंजिनाचा वेग क्षणभर वाढून पूर्ववत झाला तर मिश्रण बरोबर. वाढून तसाच राहिला तर पेट्रोल जास्त. पडला तर अजून कमी आहे. शेवटी पीयूसी केंद्रावर आयडलला मापून घ्या. त्या काळच्या गाडीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आणि हायड्रोकार्बनची १५०० पीपीएम आहे.

१.५ वाल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. शिसं असलेलं पेट्रोल २००० साली बंद झालं. बीएमसीच्या बिडाच्या हेडमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट हेडमध्येच कापलेली असते, तिला त्या शिशाचं संरक्षण होतं. हेड उघडलंच आहे तर कडक सीटच्या रिंगा बसवून घ्या. १.८ चं हेड ॲल्युमिनियमचं आहे, त्यात सीटच्या रिंगा आधीपासून असतात.

प्रश्न: वाई-पाचगणी जाताना पसरणी घाटात गाडी गचके देऊन बंद पडते. अर्ध्या तासानं चालू होते. रेडिएटर बदलला, फरक नाही. (एक वाचक, वाई)

रेडिएटर बदलण्याआधी एकच विचारायला हवं होतं: बंद पडते तेव्हा तापमानाचा काटा कुठे असतो? तुमच्या लक्षणांवरून तो मध्येच असावा. मग हा पाण्याचा दोष नाही, पेट्रोलचा आहे. पंप आणि पाइप एक्झॉस्टच्या उष्णतेत तापून पेट्रोलची आतच वाफ होते. पंप वाफ ढकलू शकत नाही. पुढच्या वेळी बंद पडली की पंपावर ओलं फडकं टाका. पाच-दहा मिनिटांत चालू झाली तर निदान पक्कं. उपाय असा: पाइप मॅनिफोल्डपासून लांबून फिरवा, एक्झॉस्ट आणि पंप यांच्यात पत्र्याची ढाल बसवा, कार्बोरेटरखाली बेकेलाइटचा जाड स्पेसर आहे का बघा. रंगकामात तो फेकून कागदी गॅसकेट टाकलेली पुष्कळ वेळा सापडते. तोच प्रकार ओल्या फडक्यानं न सुटता सुटायला अर्धा तास घेत असेल तर इग्निशन कॉइल आणि कंडेन्सर बघा. गरम झाल्यावर ठिणगी मरते. बंद पडल्याक्षणी एक प्लग काढून ठिणगी बघितली की दोन्हींतला फरक तिथल्या तिथे कळतो.

काटा खरोखर लालमध्ये जात असेल त्यांच्यासाठी थोडक्यात: फॅनभोवतीचं आवरण जागेवर आहे का, फॅन बेल्ट मधोमध दाबल्यावर १० ते १२ मिमीच दबतो का, टायमिंग मागे पडलंय का. थर्मोस्टॅट काढून फेकायची आपल्याकडे खोड आहे. ती नको, तो पातेल्यात पाणी उकळून साधारण ८० अंशांनंतर उघडतो का ते बघा आणि नवीन बसवा. बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये कधीच नाही. क्षार बसून कोअर बंद होतो. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं.

उतरताना ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, आणि इंजिन बंद करून पेट्रोल वाचवायचा मोह नको. इंजिन बंद झाल्यावर सर्व्होत दोन-तीन दाबांपुरताच व्हॅक्यूम उरतो.

प्रश्न: ज्यांच्या नावावर गाडी आहे ते वारले. आरसी हातानं लिहिलेलं जुनं पुस्तक आहे, मुदत संपलेली. काय करावं लागेल? (एक वाचक, तासगाव)

क्रम महत्त्वाचा. जुनं पुस्तक ऑनलाइन नोंदीत नसेल तर आधी ज्या कार्यालयाची मूळ नोंद आहे तिथे बॅकलॉग एंट्री करून, म्हणजे जुनी नोंद संगणकावर चढवून, घ्या. सांगलीची एमएच १०, साताऱ्याची एमएच ११, कराडची एमएच ५०. ती झाल्याशिवाय पुढचा एकही अर्ज ऑनलाइन पुढे सरकत नाही. मग वारसाच्या नावावर करण्यासाठी फॉर्म ३१, सोबत मृत्यूचा दाखला, वारसांची संमती आणि प्रतिज्ञापत्र. नंतर तुमच्या नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. पूर्वीचं कर्ज दिसत असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५. मुदतवाढीसाठी फॉर्म २५ आणि गाडी तपासणीला हजर. पंधरा वर्षांनंतर नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढते. २० वर्षांवरच्या मोटारीचं शुल्क ऑगस्ट २०२५ पासून १०,००० रुपये झालं आहे, पर्यावरण कर आणि उशिराचं शुल्क वेगळं. कोणतीही कॉन्टेसा आता २० वर्षांच्या पुढेच आहे.

'व्हिंटेज'ची व्हीए नंबरप्लेट मिळेल का असंही अनेकांनी विचारलं आहे. ती २०२१ च्या नियमानं ५० वर्षांवरच्या गाड्यांनाच मिळते आणि तिच्यावर गाडी रोज फिरवता येत नाही. कॉन्टेसाला अजून अवकाश आहे.

दिल्लीहून स्वस्तात गाडी आणणाऱ्यांनी थांबून बघावं. तिथे १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना बंदी असल्यानं त्या स्वस्त मिळतात, पण नोंदणी रद्द झालेली असेल तर तुम्ही भंगार विकत घेत आहात. पैसे देण्याआधी फॉर्म २८ ची एनओसी हातात हवी.

विमा उतरवताना गाडीची किंमत कंपनीशी बोलून, फोटो आणि बिलं देऊन ठरवता येते. ठरवली नाही तर एजंट नावापुरता आकडा टाकतो.

प्रश्न: भाचा म्हणतो, इंजिन दुसऱ्या कंपनीचं मोठं बसवू, मगच ती खरी मसल कार होईल. (एक वाचक, विटा)

भाच्याला मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम वाचायला द्या. गाडीच्या मूळ रचनेत बदल चालत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं २०१९ च्या जानेवारीत हेच पुन्हा सांगितलं. तशाच जातीचं इंजिन बदलायचं असेल तर आधी आरटीओची परवानगी आणि नंतर आरसीवर नवीन नंबर. अपघात झाल्यावर विमा कंपनी पहिल्यांदा इंजिन नंबरच बघते. गाडी घेतानाही हेच तपासा: त्या काळात पेट्रोल काढून डिझेल बसवलेल्या कॉन्टेसा भरपूर होत्या आणि त्यातल्या कित्येकांच्या पुस्तकात अजून पेट्रोलच लिहिलेलं आहे.

प्रश्न: चार दिवे असूनही रात्री हायवेवर काही दिसत नाही. १०० वॅटचे बल्ब टाकू का? (एक वाचक, फलटण)

नको. ते बेकायदा तर आहेतच, शिवाय स्विच वितळेल. दोष बल्बमध्ये नसून तारेत आहे. या गाडीत दिव्यांचा सगळा करंट डॅशबोर्डवरच्या स्विचमधून जातो. इंजिन चालू ठेवून, दिवे लावून बॅटरीवर व्होल्टेज मोजा, मग बल्बच्या टोकाशी मोजा. बॅटरीवर १४ आणि बल्बवर ११.५-१२ निघेल. व्होल्टेज १५ टक्के पडलं तर हॅलोजनचा उजेड ४० टक्क्यांहून जास्त पडतो.

दोन रिले (थोड्या करंटवर मोठा करंट चालू करणारे स्विच) घ्या, एक लो-बीमला, एक हाय-बीमला. जुनी तार फक्त रिले चालू करायला वापरा. बॅटरीपासून लो-बीमला २.५ चौरस मिमीची तार आणि १५ अँपियरचा फ्यूज, हाय-बीमला चार दिवे एकदम लागत असल्यानं ४ चौरस मिमी आणि २५ अँपियर. फ्यूज बॅटरीजवळ, वितीच्या आत. अर्थिंगची तार दिव्यापासून थेट बॉडीवर, रंग खरवडून घट्ट. बल्ब साधेच ५५/६० वॅटचे ठेवा. मग सपाट जागी भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करून दिव्यांच्या मध्याची उंची भिंतीवर खडूनं आखा, आणि लो-बीमची वरची कड त्या रेघेच्या १० सेंटिमीटर खाली येईल असे स्क्रू फिरवा.